मदत हवी आहे: सूप-रोवळीच्या बांबूला भुंगा लागू नये म्हणून काय करावं?

कुडाळ तालुक्यातल्या आमच्या शाळेत आठवी-नववीच्या मुलांना बांबूकाम शिकवतो. गावातल्या एक आजी येऊन सूप, रोवळी, टोपली विणायला शिकवतात. मुलं मनापासून शिकतात, मुलींचा हात तर फारच सुबक आहे. पण विणलेल्या वस्तूंना पावसाळ्यात भुंगा लागतो. रोवळी उचलली की खाली पिवळसर भुकटी पडते आणि कडेला टाचणीएवढी भोकं दिसतात. मुलांचे चेहरे पाहवत नाहीत.

बांबू माणगा जातीचा, गावच्याच बेटांतला. कोवळा घेत नाही, तीन वर्षांपुढचाच, पावसाळा संपल्यावर तोडलेला. भुंगा बांबूतल्या पिठूळ अंशावर जगतो, म्हणून काठ्या व्हाळात, म्हणजे ओढ्यात, भिजवून सावलीत वाळवल्या. फरक पडला, पण पुरेसा नाही. शिवाय मार्चनंतर व्हाळ आटतो, मग शाळेची सिमेंटची टाकीच उरते.

बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडचं द्रावण माहीत आहे. शोभेच्या वस्तूंना ते चालेल, पण रोवळीत तांदूळ धुतात, सुपात धान्य पाखडतात, त्यामुळे तिथे नको. वॉर्निशही नको. चूल पेटवता येते, मोठी कढई आहे, खर्च मात्र बेताचाच झेपेल.

साठलेल्या पाण्यात काठ्या किती दिवस ठेवायच्या आणि पाणी कधी बदलायचं? की पट्ट्या काढून उकळणं किंवा धुरी देणं जास्त खात्रीचं? स्वतः करून पाहिलेल्यांनी कृपया सांगा, उकळल्यावर पट्टी विणताना मोडते का?