मदत हवी आहे : १ टीबी डिस्कची सिस्टिम इमेज ५०० जीबीच्या एसएसडीवर उतरत नाही

नमस्कार मंडळी,

कराडला काकांचा छोटा छापखाना आहे. लग्नपत्रिका, बिलबुकं, जत्रेची पत्रकं, निवडणूक आली की हँडबिलं. डीटीपीचं सगळं काम एकाच डेस्कटॉपवर चालतं : चौथ्या पिढीचा आय-५, ८ जीबी रॅम, विंडोज १० आणि १ टीबीची फिरती हार्ड डिस्क. त्यावर कोरलड्रॉची बरीच जुनी आवृत्ती आणि डोंगलवाली (यूएसबीला चावी लावल्याशिवाय न चालणारी) श्रीलिपी, म्हणजे मराठी फॉन्टचं सॉफ्टवेअर. ही दोन्ही पहिल्यापासून घालायची म्हटलं तर सीड्या शोधण्यापासून तयारी.

डिस्क अधूनमधून टकटक करायला लागली. डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये पिवळा 'कॉशन' शेरा, रिअलोकेटेड सेक्टरचा (खराब झाल्याने बदललेल्या जागांचा) आकडा चढता. म्हणून कंट्रोल पॅनलमधल्या 'बॅकअप अँड रिस्टोअर - विंडोज ७' मधून बाहेरच्या यूएसबी डिस्कवर सिस्टिम इमेज (विंडोज, प्रोग्रॅम, फाइली यांची अख्खी प्रत) काढली. ती नीट पूर्ण झाली. मग जुनी डिस्क काढून ५०० जीबीची नवी एसएसडी बसवली आणि रिकव्हरीच्या पेनड्राइव्हवरून मशीन चालू केलं. इमेज सापडली, तारीख बरोबर दिसली, 'नेक्स्ट' दाबत गेलो आणि शेवटी हे :

'नो डिस्क दॅट कॅन बी यूज्ड फॉर रिकव्हरिंग द सिस्टिम डिस्क कॅन बी फाउंड.' म्हणजे इमेज उतरवण्याजोगी डिस्कच सापडत नाही.

एसएसडी बायोसमध्ये व्यवस्थित दिसते. जुन्या डिस्कवर कामाचा एकच सी ड्राइव्ह होता, तोही १८० जीबीच्या आसपास भरलेला. मग ५०० जीबीत मावायला अडचण काय?

इमेज काढल्यानंतरचं थोडं काम फक्त जुन्या डिस्कवर आहे. तुळशीचं लग्न लागलं की पत्रिकांची रांग लागते, त्याआधी हे मार्गी लागायला हवं. 'नव्याने विंडोज टाका' हा सल्ला कृपया शेवटी ठेवा.

प्रतिसाद १

तुमची एसएसडी चांगली आहे, इमेजही चांगली असणार. विंडोजची ही सोय माल किती भरलाय ते बघतच नाही, मूळ डिस्क केवढी होती ते बघते. नवी डिस्क तेवढी किंवा मोठी लागते. १ टीबीवर १० जीबी जरी असतं तरी हाच निरोप आला असता.

एक खात्री करा : पेनड्राइव्ह यूईएफआय मोडमध्ये चालू केला होता की लेगसी (मशीन सुरू करायच्या या नव्या आणि जुन्या पद्धती)? इमेज एका मोडमधली आणि मशीन दुसऱ्या मोडमध्ये असेल तरी रिस्टोअर होत नाही, फक्त निरोप वेगळा येतो. तुमच्या पिढीच्या मदरबोर्डवर सहसा दोन्ही मोड असतात, त्यामुळे बूट मेन्यूत एकच पेनड्राइव्ह दोनदा दिसतो.

प्रतिसाद २

सोपं आहे. जुनी डिस्क परत लावा, डिस्क मॅनेजमेंटमधून सी ड्राइव्ह 'श्रिंक' (लहान) करून ४०० जीबीवर आणा आणि पुन्हा इमेज काढा.

प्रतिसाद ३

वरचा सल्ला कृपया अमलात आणू नका. एक तर पार्टिशन लहान केलं तरी डिस्क १ टीबीचीच राहते आणि हे रिस्टोअर डिस्कची मापं काढतं, म्हणजे पुन्हा तोच निरोप. दुसरं, श्रिंक करताना फाइली इकडून तिकडे हलवल्या जातात. टकटक करणाऱ्या डिस्कला हा व्यायाम म्हणजे दम्याच्या माणसाला सज्जनगड चढायला लावणं.

त्या डिस्ककडून आता एकच काम घ्या : इमेजनंतरच्या फाइली. दुसऱ्या कॉम्प्युटरला सॅटा-यूएसबी केबलने जोडा, तारखेनुसार लावा, नव्या तेवढ्या उचला आणि डिस्क कपाटात ठेवा.

त्यानंतर इमेज असलेल्या यूएसबी डिस्ककडे वळा. 'विंडोजइमेजबॅकअप' हा अख्खा फोल्डर आणखी एका डिस्कवर कॉपी करा. सध्या तुमच्याकडे चालण्याजोगी प्रत ही एकच आहे आणि तिच्यावर प्रयोग चाललेत. फोल्डरचं नाव बदलू नका, दुसऱ्या फोल्डरात घालू नका. तो डिस्कच्या मुळाशी असला तरच रिकव्हरीला सापडतो.

फक्त फाइली हव्या असतील तर रिस्टोअरची गरजही नाही. त्या फोल्डरात व्हीएचडीएक्स फाइली (अख्खा ड्राइव्ह साठवलेल्या फाइली) असतात, त्यातली सर्वांत मोठी म्हणजे तुमचा सी ड्राइव्ह. डिस्क मॅनेजमेंटमध्ये 'अ‍ॅक्शन', मग 'अटॅच व्हीएचडी'. 'रीड ओन्ली'वर टिक करायला विसरू नका, नाहीतर इमेजमध्येच लिहिलं जाईल. नव्या ड्राइव्हसारखी उघडते.

धागाकर्ता

खूप आभार. नव्या फाइली उचलल्या, दोन सोडून सगळ्या आल्या. व्हीएचडीएक्सही उघडली, सगळ्या पत्रिका आत दिसतायत, जीव भांड्यात पडला. पण कोरल आणि श्रीलिपी अशा कॉपी करून चालणार नाहीत ना? आणि यूईएफआयच आहे, तपासलं.

प्रतिसाद ३

नाही चालणार. प्रोग्रॅमचा अर्धा जीव रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगांच्या नोंदवहीत असतो. त्यासाठी अख्खी इमेजच उतरवावी लागेल, आणि त्याला मधली एक पायरी लागेल.

कुणाकडून १ टीबी किंवा मोठी डिस्क चार दिवस मागून आणा. तिच्यावरचं सगळं पुसलं जाईल हे मालकाला आधी सांगा. तिच्यावर इमेज रिस्टोअर करा, विंडोज सुरू होईल. आता इथे सी ड्राइव्ह खुशाल श्रिंक करा, कारण ही डिस्क धडधाकट आहे. श्रिंक थोड्यावरच अडलं तर 'पॉवरसीएफजी' ची कमांड देऊन हायबरनेशन बंद करा, सिस्टिम प्रोटेक्शन आणि पेजफाइलही तात्पुरती बंद ठेवा. या फाइली मध्येच ठाण मांडून बसतात, हलत नाहीत. मग या डिस्कवरून एसएसडीवर क्लोन (हुबेहूब प्रत) करा. एसएसडी बनवणाऱ्या बऱ्याच कंपन्या क्लोनिंगचं सॉफ्टवेअर फुकट देतात, ते आधी बघा. क्लोनझिला हे फुकट साधन उत्तम आहे, पण मोठ्या डिस्कवरून छोटीवर जाताना नेहमीच्या पर्यायांनी अडतं, नवख्याने त्यात पडू नये.

क्लोन झाल्यावर पहिल्यांदा चालू कराल तेव्हा फक्त एसएसडी जोडलेली ठेवा. दोन हुबेहूब डिस्क एकत्र लावल्या की विंडोज नेमकं कुठून सुरू झालं ते कळत नाही.

प्रतिसाद ४

एवढा उपद्व्याप करण्यापेक्षा १ टीबीची एसएसडी घ्या आणि मोकळे व्हा. फक्त दुकानदार '९६० जीबी म्हणजे १ टीबीच' म्हणून खपवेल, ती घेऊ नका. छपाईच्या कामाला फरक पडत नाही, रिस्टोअरला पडतो.

शिवाय विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि चौथ्या पिढीचा प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाही. इमेज उतरवाल, पण त्या मशीनवर बँकेची कामं करू नका.

धागाकर्ता

१ टीबीचा विचार केला होता, पण ५०० ची परत घ्यायला दुकानदार तयार नाही. एका मित्राची पडून असलेली १ टीबी डिस्क मिळाली. तिच्यावर इमेज पहिल्या झटक्यात उतरली. हायबरनेशन बंद केल्याशिवाय श्रिंक खरंच होत नव्हतं. क्लोन करून एसएसडीवरून मशीन सुरू आहे. डोंगल ओळखलं, फॉन्ट जागेवर, कोरल उघडतंय. मशीनचा वेग बघून काका म्हणाले, हे आधीच का नाही केलं.

आता पुढचं. काकांच्या मते त्यांचा बॅकअप रोज होतोच, कारण कोरल प्रत्येक फाइलशेजारी 'बॅकअप ऑफ' अशी एक फाइल बनवतं. ती त्याच डिस्कवर असते हे समजावून झालं. त्यांना स्वतःला जमेल असं काय लावून देऊ?

प्रतिसाद १

पत्रिकांच्या फोल्डरसाठी विंडोजमधलीच फाइल हिस्टरी. बाहेरची डिस्क जोडली की आपोआप चालतं, फाइलच्या जुन्या आवृत्त्याही राहतात. कामाचे फोल्डर यादीत आहेत का ते बघा, ती मूळची यादी डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स वगैरेंपुरतीच असते. काकांना एवढंच सांगा : संध्याकाळी डिस्क जोडायची, दुकान बंद करताना काढून घरी न्यायची. कायम लावून ठेवली तर रॅन्समवेअर (फाइली कुलूपबंद करून पैसे मागणारा व्हायरस) आलं की दोन्हीकडच्या फाइली गेल्या.

कोरल किंवा श्रीलिपीत काही बदललं की तेवढ्यापुरती नवी इमेज काढा. मायक्रोसॉफ्टने २०१७ मध्येच ही इमेजची सोय पुढे न वाढवण्याच्या यादीत टाकली आहे, त्यामुळे जमलं तर एखादं स्वतंत्र साधन शिकून घ्या. स्टार्ट मेन्यूतलं 'विंडोज बॅकअप' वेगळं आहे. ते वनड्राइव्हवर जातं, फुकटात ५ जीबी मिळतं आणि कोरलसारखे प्रोग्रॅम परत आणत नाही.

प्रतिसाद ५

जुनी डिस्क एवढ्यात भंगारवाल्याला देऊ नका. त्या दोन फाइली अजून लागतील कदाचित. आणि गिऱ्हाइकांच्या आधार कार्डांचे स्कॅन, पासपोर्ट फोटो असं बरंच काही तिच्यात असणार. द्यायचीच झाली तर आधी ड्रिलने आतल्या तबकड्यांतून आरपार भोकं पाडा.

धागाकर्ता

स्कॅन आहेत, भरपूर. ड्रिल शेजारच्या फॅब्रिकेशनवाल्याकडे आहे. त्या दोन फाइलींपैकी एक पत्रिका गिऱ्हाइकाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर प्रूफ म्हणून पाठवलेली सापडली, पण ती जेपीजी आहे. काका पुन्हा टाइप करतायत.