निशिगंधावर येणारे पाखरू कोणते?

प्रश्न : आमचे घर कोल्हापुरात रंकाळ्याजवळ असून परसात रातराणी, निशिगंध आणि तगर आहे. दिवेलागणीनंतर बोटाएवढे एक पाखरू निशिगंधासमोर हवेत स्थिर राहते आणि लांब सोंड फुलात घालते. ते कोणते असावे? तगरीची पानेही कोणीतरी फस्त करत आहे.

उत्तर १ : ताई, वर्णनावरून तो हॉक मॉथ, म्हणजे निशाचर पतंग, दिसतो. निशिगंधाचा मध लांब नळीच्या तळाशी असतो आणि तिथवर या पतंगाची सोंड पोहोचते. पांढरा रंग व रात्री दरवळणारा वास यांमुळे त्याला अंधारातही फूल सापडते.

उत्तर २ : तगरीवर हिरवी, जाड, शेपटीला शिंग असलेली अळी शोधावी, डिवचल्यास तिच्या छातीवरचे निळे डोळ्यांसारखे ठिपके ठळक दिसतात. ही ऑलिअँडर हॉक मॉथची अळी कण्हेरीवरही वाढते. कृपया औषध फवारू नका, कारण तगर पुन्हा फुटते. शिवाय अळी पालापाचोळ्यात कोष करते, म्हणून झाडाखालचा पाचोळाही राहू द्यावा.

उत्तर ३ : परसातला पांढरा दिवा रात्री मालवावा. पतंग फुले सोडून त्याच्याभोवतीच फिरत राहतात.

प्रश्नकर्ती : अळी सापडली, निळ्या ठिपक्यांसह! फवारणी रद्द केली आहे. मनापासून आभार.