डिस्टोपियन कादंबरी वाचताना नवे शब्द : अनुभव धागा

इंग्रजीच्या तासाला '१९८४', 'द गिव्हर', 'फॅरेनहाइट ४५१' अशी डिस्टोपियन, म्हणजे भयावह, जुलमी समाज रंगवणारी कादंबरी लागली की 'कठीण शब्द आणि अर्थ' ही नेहमीची वही अपुरी पडते. इथे शब्दांवरचा ताबा हाच कथेचा विषय असतो. शिकवणाऱ्यांनी आणि घरी मुलांबरोबर वाचणाऱ्यांनी लिहावं : किती शब्द घेता, कोणत्या क्रमाने, आणि कुठे गाडी अडते?

ज्युनियर कॉलेज, इंग्रजी

सुरुवात 'डिस्टोपिया' या शब्दापासूनच करा. डिसॲग्री, डिसऑनेस्ट डोक्यात असल्यामुळे मुलं स्पेलिंगमध्ये 'आय' घालतात. हा 'डिस' ग्रीक आहे, तो 'वाय'ने लिहितात आणि तो आपल्या दुस्-दुर् उपसर्गाचा सख्खा भाऊ आहे : दुर्गंध, दुष्काळ, दुर्दशा. टोपोस म्हणजे जागा. फळ्यावर दोन्ही शेजारी मांडले की स्पेलिंग आणि अर्थ एकदमच लक्षात राहतात.

मग जॉर्ज ऑर्वेलच्या '१९८४'चं पहिलं प्रकरण. पहिल्या वाचनात डिक्शनरी बंद. अडलेल्या शब्दाखाली पेन्सिलीने फक्त टिंब द्यायचं. दुसऱ्या वाचनात तीन रकाने करायचे. पहिल्यात ऑर्वेलने घडवलेले शब्द : थॉटक्राइम, टेलिस्क्रीन, मिनिट्रू. यांचा अर्थ डिक्शनरीत शोधायचा नाही, कादंबरीतूनच जमवायचा. दुसऱ्यात एकदाच येणारे, वातावरणापुरते शब्द : झाडाझुडपांची, आजारांची नावं. 'व्हॅरिकोज अल्सर' म्हणजे पायावरची जखम, एवढं कळलं तरी पुढे जाता येतं. तिसऱ्यात इतरत्रही भेटणारे कामाचे शब्द. पाठ करायचे ते फक्त या रकान्यातले, आणि एका प्रकरणाला आठच. यादी पंचवीसवर गेली की मुलं कादंबरी सोडून यादी वाचू लागतात.

सर्वांत मोठा घोटाळा डिक्शनरीतला पहिला अर्थ उचलल्याने होतो. त्याच प्रकरणात नायक विन्स्टनच्या चेहऱ्याला 'सँग्विन' म्हटलं आहे. मोबाइल सांगतो : आशावादी. वहीत उतरतं, 'विन्स्टनचा चेहरा आशावादी होता', आणि सगळं पात्रच उलटं होतं. त्याच वाक्यात पुढे खरखरीत साबण, बोथट पातं आणि हिवाळ्याने रापलेली कातडी आहे. म्हणजे बोलणं रंगाबद्दल चाललंय : लालसर. मूळ लॅटिन शब्द रक्ताचा. रक्त भरपूर असलेला माणूस उत्साही, या जुन्या समजुतीतून 'आशावादी' हा अर्थ नंतर आला. म्हणून मुलांना एकच सवय लावा : अर्थ लिहिण्याआधी त्या वाक्यातले दोन पुरावे अधोरेखित करायचे.

माध्यमिक शाळा, नववी-दहावी

'१९८४'मधल्या न्यूस्पीकचे, म्हणजे सत्ताधारी पक्षाने शब्द छाटून घडवलेल्या भाषेचे नियम परिशिष्टात, शेवटी आहेत. पण पहिल्या भागाच्या पाचव्या प्रकरणात सायम, न्यूस्पीकचा शब्दकोश करणारा, कँटीनमध्ये त्या शब्दकोशाबद्दल बोलतो, त्याआधी परिशिष्टातला अ-गटाचा (रोजच्या शब्दांचा) भाग वाचून घ्या. 'बॅड' रद्द, त्याजागी 'अनगुड'. जोर हवा तर 'प्लसगुड', आणखी हवा तर 'डबलप्लसगुड'.

हे पटवायला मराठीच कामी येते. फळ्यावर आठ शब्द लिहा : वाईट, टुकार, गचाळ, भिकार, नीच, भयंकर, ओंगळ, रद्दड. आता आठही पुसा आणि एकच लिहा : 'नचांगले'. मग सांगा, शिळ्या भाजीबद्दल, कोसळलेल्या पुलाबद्दल आणि दगाबाज मित्राबद्दल एकेक वाक्य करा. तिन्ही वाक्यं सारखीच होतात. कोणता शब्द परत हवा, हे मुलं स्वतःच सांगू लागतात. त्यानंतर व्हाइल, रेचेड, फाउल, ड्रेडफुल घ्या, आणि कोणता कशाला लागतो ते विचारा. मात्र हे चारही एकाच दिवशी पाठ करायला देऊ नका. जवळच्या अर्थाचे शब्द एकत्र घोकले की एकमेकांत मिसळतात. आज एक, दोन दिवसांनी दुसरा.

आणखी एक : निबंधात 'डबलप्लसगुड' सरळ वापरला जातो. डबलथिंक (दोन विरुद्ध गोष्टी एकदम खऱ्या मानणं) आणि अनपर्सन (नोंदीतून पुसून टाकलेला माणूस) आता सर्वसाधारण इंग्रजीत रुळले आहेत, हा तसा नाही. वहीत तशी खूण करून ठेवावी.

अमेरिकेतले मराठी पालक, मिडल स्कूल

इकडे 'द गिव्हर' (१९९३) बऱ्याच शाळांत असते. पहिल्याच प्रकरणात नायक जोनास स्वतःच्या भावनेला शब्द शोधतो : 'फ्रायटन्ड' नाही, 'ॲप्रिहेन्सिव'. त्याचा मित्र ॲशर 'डिस्ट्रॉट' म्हणतो, तेव्हा शिक्षिका तो शब्द फार जोरकस असल्याचं सांगून 'डिस्ट्रॅक्टेड'शी तुलना करायला लावतात. मुलाला विचारा : नुसतं लक्ष उडणं आणि दुःखाने वेडंपिसं होणं, खिडकीबाहेर बघणाऱ्या मुलाला यातलं कोणतं लागू?

'रिलीज', म्हणजे कादंबरीतल्या समाजात माणसाला 'मोकळं करणं', हा वरवर गोड शब्द; त्यासाठी स्वतंत्र पान ठेवा. प्रकरण, कोणाला, बोलणाऱ्याचा सूर, असे तीन रकाने. चुकीच्या दिशेने उडालेला वैमानिक, समारंभाने निरोप दिलेले म्हातारे, जुळ्यांतलं एक बाळ. अर्थाचा रकाना एकोणिसाव्या प्रकरणापर्यंत रिकामाच ठेवायचा. कृपया आधी सांगू नका! आपणही बांगडी फुटली तर 'वाढवली' म्हणतो, पण तिथे बोलणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला दोघांनाही खरं काय ते माहीत असतं. 'रिलीज'मध्ये बोलणाऱ्यांतल्या बहुतेकांना ते ठाऊकच नसतं. मुलांना हा फरक स्पष्ट समजतो.

खासगी शिकवणी

शब्दांच्या कार्डांची उजळणी पहिल्या, तिसऱ्या, सातव्या आणि पंधराव्या दिवशी. कार्डाच्या मागे मराठी प्रतिशब्द नको, कादंबरीतलं वाक्य लिहा आणि शब्दाची जागा कोरी ठेवा. मदतीशिवाय कथा वाचायची तर पानावरचे सुमारे ९८ टक्के शब्द ओळखीचे लागतात, असं भाषाशिक्षणातलं संशोधन सांगतं. म्हणजे तीनशे शब्दांच्या पानावर सहा अनोळखी चालतील. '१९८४'च्या दुसऱ्या भागाचं नववं प्रकरण, गोल्डस्टाइनच्या (कादंबरीतल्या पक्षाच्या शत्रूच्या) पुस्तकाचं, हे गणित मोडतं. ते वर्गात मोठ्याने, तुकड्या-तुकड्याने घ्या.

डी.एड. प्रशिक्षक

'फॅरेनहाइट ४५१' (१९५३) घेणाऱ्यांसाठी : यातले फायरमन पुस्तकं जाळतात, म्हणून 'फायरमन' फळ्यावर 'अग्निशामक' म्हणून लिहू नका. 'शामक' म्हणजे शमवणारा. शब्द तिथेच खोटा ठरतो आणि लेखकाने साधलेली खुबी मरते. इंग्रजी शब्दात फक्त आग आणि माणूस आहे, तो विझवतो की लावतो हे त्यात नाहीच. मुलांना शब्द दोन तुकड्यांत लिहायला लावा, 'फायर' आणि 'मन', आणि पहिलं पान वाचून झाल्यावर मधला संबंध त्यांनाच भरू द्या.