मदत हवी आहे: अंतराळ पर्यटकांच्या खोलीला ‘जमीन’ द्यावी का?

नमस्कार मंडळी,

मी पुण्यात आर्किटेक्चरच्या पाचव्या वर्षाला आहे. थीसिसला घेतलंय पृथ्वीभोवती फिरणारं पर्यटक निवास. सहा पाहुणे, दोन कर्मचारी, दहा दिवस मुक्काम, उंची साधारण ४०० किमी. पंधरा दिवसांवर ज्युरी आलीय आणि मी अडकलेय.

सगळे पहिल्यांदा विचारतात, चाकासारखं फिरवून गुरुत्व का नाही आणत? गणित करून पाहिलं. मिनिटाला दोन फेऱ्या धरल्या तर पृथ्वीइतकं वजन जाणवायला सुमारे २२४ मीटर त्रिज्या लागते. चार फेऱ्यांना ५६ मीटर पुरतात, पण मग नवख्या माणसाला नुसती मान वळवली तरी गरगरेल. शिवाय तरंगायचं म्हणूनच तर लोक जाणार. तेव्हा ते सोडलं.

माझ्या पहिल्या प्लॅनमध्ये खोलीच्या सहाही बाजू वापरल्या होत्या. झोपायची जागा छताला, टेबल भिंतीला. सरांना आवडलं. मग स्कायलॅब या अमेरिकी अंतराळ स्थानकाबद्दल (१९७३) वाचलं. तिथे यानं जोडायच्या भागात उपकरणं चहूबाजूंनी लावली होती, वर-खाली काही ठरलेलं नव्हतं, आणि तो भाग अंतराळवीरांना रुचला नाही. राहायच्या भागाला जमीन-छत होतं, तिथे ते रमले. सोव्हिएत वास्तुविशारद गालिना बालाशोव्हा यांनीही सोयूझ यान आणि मीर स्थानकाच्या अंतर्भागात रंगांनी वर-खाली दाखवून दिलं, जमीन गडद आणि छत फिकं.

निम्म्याहून जास्त अंतराळवीरांना पहिले दोन-तीन दिवस मळमळतं. सहा महिने राहणाऱ्याला ते चालून जातं. पण २००१ मध्ये गेलेले पहिले अंतराळ पर्यटक डेनिस टिटो यांची अख्खी सफरच आठेक दिवसांची होती. माझ्या पाहुण्याचे दहातले तीन दिवस पिशवी तोंडाशी धरून गेले, तर मी काय डिझाइन केलं?

म्हणून जमीन द्यावीशी वाटते. पण मग छत-भिंती पहिल्या प्लॅनसारख्या वापरता येत नाहीत, आणि जागा फार कमी आहे. २०१६ मध्ये अंतराळ स्थानकाला जोडलेली फुगवता येणारी बीम खोली १६ घनमीटरची. आपली दहा बाय दहाची, दहा फूट उंच खोली २८ घनमीटर भरते!

गेल्या रविवारी टिळक तलावात अंग सैल सोडून तरंगले आणि बहिणीला काठावरून बघायला सांगितलं. गुडघे आणि कंबर आपोआप वाकतात, हात पुढे येतात. वजनरहित अवस्थेतही शरीर असंच राहतं, त्यामुळे सरळ पाठीच्या खुर्च्या काढून टाकल्या.

आता प्रश्न. खोल्यांना जमीन दिली, पण त्या एकमेकींना काटकोनात जोडल्या, तर मळमळ परत सुरू होईल का? आणि तिथे गरम हवा वर जात नाही, उच्छ्वास तोंडापुढेच साचतो, म्हणून झोपायच्या जागेत रात्रभर हवा खेळती हवी. कपाटाएवढ्या जागेत पंख्याचा आवाज कसा कमी करू? भोसरी-चाकणकडे डक्टचं काम करणारे कुणी आहेत का इथे?

प्रतिसाद १
मी कान-नाक-घशाचा डॉक्टर आहे. अगं, आपल्या कानात बारीक खडे असतात, त्यांच्या भारावरून मेंदूला खाली कुठे ते कळतं. वजन गेलं की तो भार जातो आणि मेंदू डोळ्यांवर विसंबतो. म्हणून डोळ्यांना सगळीकडे एकच ‘खाली’ दिसू दे. काटकोनातला दरवाजा हवाच असेल तर सामानाच्या खोलीला दे, पाहुण्यांच्या रोजच्या वाटेवर नको.

प्रतिसाद २
भोसरीत डक्टिंगचं काम करतो. ताई, पंखा झोपायच्या जागेत ठेवूच नका. बाहेर रबरी माउंटवर बसवा, डक्टला आतून आवाज शोषणारं अस्तर लावा, मध्ये एक वळण घ्या, तोंडाशी जाळी रुंद ठेवा म्हणजे हवेचा वेग उतरतो. जाळी हात पोचेल अशी हवी. तिथे धूळ खाली बसणार नाही, सगळी जाळीवरच येऊन चिकटेल.

धागाकर्ती
दोघांचे मनापासून आभार. जाळीचं तर माझ्या डोक्यातच नव्हतं. हरवलेला चष्मासुद्धा तिथेच सापडेल, म्हणून ती आता दाराशेजारी घेतेय.

डॉक्टर, अजून एक विचारू? सगळ्यांना पृथ्वी बघायची असणार, म्हणून मोठी खिडकी मी जमिनीतच काढलीय, विहिरीत वाकून बघावं तशी. डोळ्यांना ‘खाली’ सरकती पृथ्वी दिसली तर आधार वाटेल, की पहिल्या दिवसांत ती झाकून ठेवायची सोय करू?