पानिपतावर 'मावळे' लढले का?

घाटवाट (धागाकर्ता)
14 जानेवारी जवळ आली की चौकाचौकांत फलक लागतात. यंदा आमच्या गल्लीतल्या फलकावर होतं, 'पानिपतावर धारातीर्थी पडलेल्या मावळ्यांना मानाचा मुजरा'. मुजऱ्याबद्दल तक्रार नाही. पण मावळे?

मावळ म्हणजे पुण्याच्या पश्चिमेला सह्याद्रीच्या कुशीतली खोरी. पवन मावळ, आंदर मावळ, हिरडस मावळ, गुंजण मावळ, मोसे खोरं, रोहिड खोरं वगैरे. तिथला तो मावळा. शिवकाळात फौजेच्या संदर्भात हा शब्द येतो तो या मुलखातल्या पायदळासाठी. त्याच पायदळात कोकणातले हेटकरी होते, बंदुकीचे पक्के निशाणबाज. त्यांना कुणी मावळे म्हणत नसे. घोडदळाचा कारभारच निराळा. सरकारी पागेतला घोडा मिळायचा तो बारगीर, स्वतःचा घोडा-हत्यार घेऊन यायचा तो शिलेदार. सभासद बखरीत तर 25 बारगिरांवर एक हवालदार, 5 हवालदारांवर जुमलेदार, 10 जुमल्यांवर हजारी अशी उतरंड आहे, आणि त्या 25 जणांमागे एक पखालजी (पाणी वाहणारा), एक नालबंद (घोड्यांना नाल ठोकणारा). इतकं रेखीव लष्कर, आणि आपण सगळ्यांना एकाच नावाच्या पोत्यात भरतो.

1761 पर्यंत तर चित्र पार पालटलं होतं. सेनापती सदाशिवराव भाऊसाहेबांबरोबर हुजुरात, म्हणजे पेशव्यांची खास फौज होती, शिंदे-होळकरांची घोडी होती, विंचूरकर होते. कवायती पायदळ होतं इब्राहीमखान गारद्याचं. यात मावळा शोधायचा कुठे?

रानमेवा
झालं, आता शब्दांनाही सातबारा हवा! 'पेशवा' हे एका पदाचं नाव होतं, त्यावरून आपण अख्ख्या काळाला पेशवाई म्हणतो. तिथे कुणी अडवत नाही. मावळा आज महाराजांसाठी लढणाऱ्या साध्या माणसाचं नाव झालंय. दर रविवारी गडावर जाऊन टाक्यांतला गाळ उपसणारी पोरंही स्वतःला मावळे म्हणवतात. त्यांना सांगू का, की बाबांनो, तुम्ही हडपसरचे, तुम्हाला हक्क नाही?

घाटवाट
गाळ उपसणाऱ्यांना काय हवं ते म्हणू दे, तो प्रेमाचा मामला आहे. मी इतिहास सांगणाऱ्या फलकाबद्दल बोलतोय. आणि 'साधा माणूस' हेही अर्धंच खरं. नांगर सोडून तलवार उचलणारा भाबडा शेतकरी हे आपलं आवडतं चित्र. प्रत्यक्षात कारीचे कान्होजी जेधे, हिरडस मावळातले बांदल हे वतनदार देशमुख, आपापली माणसं घेऊन स्वराज्यात आलेले. पुढे महाराजांनी फौजेला रोख पगार लावला, जहागिरी देणं टाळलं. भाबडेपणाचं कौतुक करताना त्यामागची ही शिस्त दिसेनाशी होते.

दर्यासारंग_मालवण
धागाकर्त्यांशी सहमत, कारण आमचा नंबर कधीच लागत नाही. सिंधुदुर्गाचं बांधकाम 1664 मध्ये सुरू झालं, खांदेरीवर 1679 मध्ये इंग्रजांशी झुंज झाली. ती लढणारे भंडारी, कोळी, आरमाराचे लोक. मायनाक भंडारी मावळा नव्हे हो! तरी दर 19 फेब्रुवारीला आमच्या शाळेतली पोरं डोईला मावळी पागोटं बांधून 'आम्ही मावळे' म्हणत मिरवतात. समुद्र शाळेपासून हाकेच्या अंतरावर आहे.

कंकवाडीकर
मी भोर तालुक्यातला, म्हणजे अस्सल मालाचा दुकानदार म्हणा. माझं मत उलटं आहे. तानाजी मालुसरे उमरठचे. उमरठ कुठे? पोलादपूरच्या बाजूला, घाटाखाली. समाधीही तिथेच. तरी 1670 चा सिंहगड 'तानाजी आणि त्याचे मावळे' असाच आठवतो ना? एकदा त्या तुकडीत दोर धरून कडा चढलात की गाव विचारत नाही कोणी. आम्हा खोऱ्यातल्यांना हा शब्द वाटून टाकायला काही त्रास नाही. तुम्ही पुण्यात बसून आमच्या वतीने राखण कशाला करता?

घाटवाट
तानाजींच्या हाताखालचं पायदळ मावळ्यांचं होतं, म्हणून ते मावळे. सरदार कुठला हा मुद्दाच नव्हता. आणि 'राखण' फक्त तुमची नाही. वर मालवणकर काय म्हणाले तेही वाचा.

हुगळीकाठ
मी नोकरीनिमित्त बरीच वर्षं कोलकात्यात आहे. इथे आपल्या फौजेचं नाव ना मावळे ना मराठे, ते आहे 'बर्गी'. नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या स्वाऱ्या 1740 च्या दशकात बंगालवर आल्या. त्यांचे सरदार भास्करराम कोल्हटकर यांना बंगालचा नवाब अलीवर्दीखानाने 1744 मध्ये भेटीला बोलावून मारलं. 1751 च्या तहात ओडिशा आणि वर्षाला 12 लाख चौथाई ठरली, तेव्हा कुठे हे थांबलं. बर्गी येतील या भीतीने इंग्रजांनी कलकत्त्याभोवती खंदक खणायला घेतला होता. आजही पोर झोपेना तर बंगाली आई ज्या अंगाईत बर्गींचं नाव घेते, ती माझ्या शेजारीण काकू मला हसत हसत ऐकवतात. आता बर्गी आला बारगिरावरून. स्वतःचं घोडं घेऊन आलेला शिलेदारही त्यांच्या लेखी बर्गीच. म्हणजे एका हुद्द्याचं नाव सगळ्या फौजेला चिकटलं. असं होतंच.

रानमेवा
हेच म्हणत होतो! धन्यवाद, हुगळीकाठ.

घाटवाट
उलट आहे. ज्यांची गावं लुटली गेली त्यांनी बारगीर कोण आणि शिलेदार कोण हे विचारत बसायची अपेक्षा नाही. आपण तर आपल्याच माणसांबद्दल बोलतोय. बखरी आपल्या, मोडी कागद आपले. परक्याला माफ असलेली ढिलाई आपल्याला कशी माफ असेल?

खणखणीत
मुळात इंग्रजांनी बदनामीसाठी मावळ्याचं 'मवाली' केलं, त्यावर बोला की.

हुगळीकाठ
हा व्हॉट्सॲपवरचा माल इथे नको. 'मवाली' हा शब्द अरबीत उमय्या खलिफांच्या काळापासून आहे, 'मौला'चं अनेकवचन. तेव्हा इंग्रज इथे यायला शतकं बाकी होती. आणि ब्रिटिश अधिकारी ग्रँट डफने 1826 मध्ये मराठ्यांचा इतिहास छापला त्यात मावळे आणि हेटकरी दोघांची नावं स्वतंत्र दिली आहेत. बदनामी करायची तर हा फरक कशाला सांभाळला असता?

दर्यासारंग_मालवण
म्हणजे हेटकऱ्यांचं नाव साहेबाने लक्षात ठेवलं आणि आम्ही विसरलो. छान.

रानमेवा
बरं, घाटवाट, सरळ विचारतो. तुमच्या गल्लीत पुढच्या वर्षी फलक तुम्ही लिहायचा. काय लिहाल? 'हुजुरात, पागा, शिलेदार, गारदी व इतर यांना मुजरा'? लोक वाचतील तरी का? मी अजून 'मावळे'च लिहीन. आणि इब्राहीमखानालाही मावळाच म्हणेन. अब्दालीच्या हाती सापडला, मारला गेला, पण भाऊंची साथ सोडली नाही. मावळा म्हणायला आणखी काय लागतं?

घाटवाट
इब्राहीमखानाला मान द्यायचा तर त्याच्या नावाने द्या. 1773 मध्ये शनिवारवाड्यात सुमेरसिंग गारदी आणि त्याच्या साथीदारांनी पेशवे नारायणरावांना मारलं, आणि 'गारदी' शब्द कायमचा डागाळला. पानिपतावर ज्यांनी दुपारपर्यंत अब्दालीच्या बाजूच्या रोहिल्यांची फळी कापून काढली तेही गारदीच होते, हे मग कोणाच्या ध्यानात राहिलं नाही. मावळे म्हणून त्यांना आत घेतलंत तर तो डाग तसाच राहतो. मी 'गारदी' लिहीन, ठळक अक्षरांत. वर्गणी कमी पडली तर मी घालतो.

कंकवाडीकर
लिहा. पण खाली बारीक अक्षरांत मावळेही लिहा, नाहीतर आमची पोरं फलक उतरवतील. मस्करी नाही करत.