शाळेचा डबा: प्रथिनं मोजून भरायची, की पोट भरेल एवढं पाहायचं?

(ही एक चर्चा आहे. प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव दिलंय.)

कुळीथ
शाळा सुरू झाल्या की डब्याच्या पदार्थांच्या याद्या फिरायला लागतात. त्यात पदार्थ पन्नास असतात, प्रमाण एकाचंही नसतं. म्हणून आकड्यांपासूनच सुरुवात करते.

आयसीएमआर-एनआयएनच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची राष्ट्रीय पोषण संस्था) २०२० च्या शिफारशींनुसार ४ ते ६ वर्षांच्या मुलाला दिवसाला सुमारे १६ ग्रॅम प्रथिनं लागतात, ७ ते ९ वर्षांच्या मुलाला २३, १० ते १२ वर्षांच्या मुलाला ३२-३३. डबा म्हणजे दिवसाचा तिसरा हिस्सा धरला, तर तिसरीतल्या मुलाच्या डब्यात ७-८ ग्रॅम आणि सातवीतल्याच्या डब्यात ११ ग्रॅम तरी हवीत. शालेय पोषण आहाराचं माप याहून मोठं आहे: पहिली ते पाचवीला १२ ग्रॅम, सहावी ते आठवीला २०. त्यासाठी डाळही ठरलेली, मुलामागे २० आणि ३० ग्रॅम. घरून डबा नेणाऱ्या मुलाच्या डब्याला असं माप कुणी लावत नाही.

तिथे जातं काय? जॅम-ब्रेड, नूडल्स, शिरा, बटाट्याचे काप. साबुदाण्याच्या खिचडीत साबुदाण्याची प्रथिनं जवळपास शून्य, जी मिळतात ती दाण्याच्या कुटाची. ५० ग्रॅम पोहे भिजवून केले तर साडेतीन ग्रॅम.

माझं म्हणणं असं की रोजच्या डब्यात डाळ, कडधान्य, दाणे, दूध-पनीर किंवा अंडं यातलं एक तरी मोजून घातलेलं असावं. ५ ग्रॅम प्रथिनांसाठी सोया चंक्स कोरडे असताना १० ग्रॅम पुरतात, शेंगदाणे २० ग्रॅम, मूग-मटकी कोरडी २२ ग्रॅम, पनीर २८ ग्रॅम, दूध दीडशे मिली. एका अंड्यात ६ ग्रॅम. यातलं बहुतेक सगळं कोपऱ्यावरच्या वाण्याकडे मिळतं, ऑनलाइन काही मागवावं लागत नाही.

खलबत्ता
आकडे बरोबर आहेत, पण तुमचाच हिशोब पुढे नेऊन पाहा. २५-२५ ग्रॅम कणकेच्या दोन पोळ्या म्हणजे साडेपाच ग्रॅम, भाजीचा एक-दीड. तुमचं ७ चं माप साध्या पोळी-भाजीनं गाठलं की.

आता पूर्ण दिवस घ्या. आठ वर्षांच्या मुलाच्या पोटात पोळी-भात मिळून १५० ग्रॅम धान्य गेलं तर १४ ग्रॅम, ३० ग्रॅम डाळ-उसळीचे साडेसहा, ४०० मिली दुधा-दह्याचे साडेबारा. ३३ झाले. डाळ आणि दूध अर्ध्यावर आणलं तरी २३ भरतात. कमी पडते ती ऊर्जा. या वयाला दिवसाला सुमारे १७०० कॅलरी लागतात, आणि तेवढी ऊर्जा मिळाली नाही की शरीर प्रथिनंच जाळून भागवतं. डबा अर्धा परत आला तर त्यात पनीर होतं की बटाटा, याला काय अर्थ राहिला?

दुसरी काळजी बाजाराची. आईबापांच्या मनात एकदा 'प्रोटीन कमी पडतंय' शिरलं की ते डाळीकडे वळत नाहीत, डब्या-बरण्यांतल्या पावडरीकडे वळतात. एनआयएनच्या २०२४ च्या आहार-मार्गदर्शिकेत प्रथिनांच्या पावडरी टाळा असं स्पष्ट म्हटलंय. त्याच वर्षी एप्रिलमध्ये केंद्राच्या वाणिज्य मंत्रालयाला ऑनलाइन दुकानांना सांगावं लागलं की माल्टची पेयं 'हेल्थ ड्रिंक' या सदरातून काढा.

शेवगा
खलबत्ता, पोळीचे साडेपाच ग्रॅम आणि डाळीचे साडेपाच ग्रॅम सारखे धरू नका. प्रथिनं अमिनो आम्लांची बनतात, लायसिन आणि मेथिओनिन ही त्यातलीच दोन. गव्हाच्या प्रथिनात लायसिन कमी असतं, म्हणून शरीर ते प्रथिन पूर्ण वापरू शकत नाही. डाळीत लायसिन भरपूर, पण मेथिओनिन कमी. दोन्ही एकत्र आली की एकमेकांची उणीव भरून काढतात. म्हणूनच एनआयएन धान्य, डाळ, दूध यांचं ३:१:२.५ असं प्रमाण सांगते.

पण कुळीथ, हे तुमच्याही विरुद्ध जातं. ही जोडी एकाच डब्यात जमली पाहिजे असं नाही, दिवसभरात जमली तरी चालतं. डब्यात पोळी-भेंडी आणि घरी आल्यावर आमटी-भात, यात काही बिघडत नाही.

कुळीथ
घरी आल्यावर आमटी खरंच पोटात जात असेल तर मान्य. पण वाटीभर पातळ वरणात डाळ असते १५ ते २० ग्रॅम, म्हणजे प्रथिनं तीन-चार ग्रॅम, आणि मुलं वरचं पाणी घेऊन भात कालवतात. खलबत्ता यांनी ४०० मिली दूध धरलंय. ज्या घरात मूल दुधाचा पेला पाहूनच पळतं, तिथला हिशोब १५-१६ वरच थांबतो. मोजा म्हणते ते त्या घरांसाठी. रोज वजनकाटा नको, एकदा मुठीत मापून घ्या. मोठ्या माणसाच्या मुठीत शेंगदाणे साधारण २५-३० ग्रॅम बसतात.

मधली सुट्टी
वर्गात रोज उघडणाऱ्या डब्यांकडे पाहून लिहिते. छोटी सुट्टी १०-१५ मिनिटांची. त्यात हात धुणं, डबा उघडणं, पाणी पिणं, खेळायला पळणं. पहिली-दुसरीतलं मूल प्रत्यक्ष खातं ते सहा-सात मिनिटं. एवढ्या वेळात चावून चावून खायचे पदार्थ संपत नाहीत. उकडलेले हरभरे, मोठे राजमे, पनीरचे कोरडे तुकडे, सोया चंक्स अख्खे: हेच हमखास परत जातात. तेच सारण करून पोळीत गुंडाळलं की संपतं.

घट्ट झाकणाचे डबेही लहान मुलांना उघडत नाहीत. घरी मुलाला स्वतः उघडायला लावून पाहा.

पाटा-वरवंटा
मोजायचं की नाही यावर वाद चालू द्या, पण पीठ सुधारलं तर दोन्ही बाजूंचं समाधान होतं. चार वाट्या कणकेला एक वाटी बेसन: शंभर ग्रॅम पिठामागे प्रथिनं ११ वरून १३ वर जातात. वाढ दोनच ग्रॅमची, पण लायसिनची उणीव बरीच भरून येते. त्यापुढे जाऊ नका. बेसनात ग्लुटेन (कणीक चिवट धरून ठेवणारं गव्हातलं प्रथिन) नसतं, प्रमाण वाढलं की पोळी लाटताना कडा फाटतात आणि चार तासांनी पापडासारखी मोडते. चारास एक या प्रमाणातही मोहन दोन चमचे हवं आणि कणीक वीस मिनिटं झाकून ठेवावी. नुसत्या पोळीला बेसनाचा कच्चट वास येतो, म्हणून ओवा, तीळ, तिखट-मीठ घालून धपाटे करावेत.

गिरणीवर गव्हात सोयाबीन टाकून आणणारे पुष्कळ आहेत, विशेषतः लातूरकडे, जिथे सोयाबीन घरचंच असतं. दहा किलोत एक किलो, जास्त नको, पोळी कडवट लागते. आणि सोयाबीन कच्चं दळू नका! त्यात प्रथिनं पचू न देणारा घटक असतो आणि पोळी तव्यावर जेमतेम दोन मिनिटं असते, तेवढ्यात तो पुरता मरत नाही. सोयाबीन उकळत्या पाण्यात पंधरा-वीस मिनिटं शिजवायचं, निथळून कडक उन्हात खडखडीत वाळवायचं, मग दळायला न्यायचं. त्यात तेल १८-२० टक्के असल्यामुळे पीठ खवट लवकर होतं, पंधरा दिवसांपुरतंच दळावं.

आणि दशम्या कुणाला आठवत नाहीत का? पाण्याऐवजी दुधात भिजवलेली कणीक. शंभर ग्रॅम पिठाला साठ-पासष्ट मिली दूध, म्हणजे दोन ग्रॅम प्रथिनं वाढली, आणि पोळी दुपारपर्यंत मऊ. प्रवासाला न्यायचा पदार्थ तो. बरोबर २० ग्रॅम शेंगदाण्याची कोरडी चटणी आणि थोडं तूप. ५० ग्रॅम कणकेच्या दोन दशम्या धरल्या तर डबा साडेअकरा ग्रॅमच्या आसपास गेला, आणि खलबत्ता यांना हवी ती ऊर्जाही दाण्यांतून आली.

खलबत्ता
दशमी-चटणीला शंभर टक्के पाठिंबा. माझा विरोध डाळीला कधीच नव्हता, डबा म्हणजे औषध अशा नजरेनं पाहण्याला आहे. मुलासमोर 'आज प्रोटीन संपवलं का?' असं विचारायला लागलं की मूल त्या पदार्थाला कायमचं नाक मुरडतं.

चिंचगूळ
सगळे ग्रॅम मोजताय, तास कुणी मोजत नाही. डबा साडेसहाला भरला आणि दहाला उघडला तर मध्ये साडेतीन तास गेले. ५ ते ६० अंश सेल्सिअसमध्ये शिजवलेलं ओलसर अन्न दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास, असा अन्नसुरक्षेचा नियम आहे. प्रथिनवाले ओले पदार्थच यात सर्वांत आधी बिघडतात.

म्हणून कच्चं पनीर मार्च ते जून आणि ऑक्टोबरच्या उन्हात नको. इतर दिवसांतही तव्यावर दोन्हीकडून परतून, कोरडं करूनच. कच्ची मोडाची कडधान्यं बाराही महिने नकोत. मोड येतात त्या दमट उबेतच साल्मोनेला आणि ई-कोलाय हे पोट बिघडवणारे जंतूही वाढतात. मटकीला वाफ आलीच पाहिजे. कढईत झाकण ठेवून आठ-दहा मिनिटं पुरतात, कुकरमध्ये गाळ होतो. उसळ अंगाबरोबर ठेवायची, रस्सा नको.

जाता जाता: मोड आणल्यानं प्रथिनं वाढत नाहीत. लोह-जस्त अडवून धरणारं फायटेट कमी होतं, म्हणून ते जास्त शोषलं जातं, पचायला हलकं पडतं. '१०० ग्रॅम मोडाच्या मुगात २४ ग्रॅम प्रथिनं' असे तक्ते फिरतात, तो आकडा कोरड्या मुगाचा आहे. ३० ग्रॅम मटकी भिजून-मोडून पासष्ट-सत्तर ग्रॅम होते, प्रथिनं सातच राहतात.

गरम पदार्थ डब्यात कोंबून झाकण लावणं ही सर्वांत मोठी चूक. वाफेचं पाणी होऊन पोळीवर पडतं, तिथूनच आंबूस वास सुरू होतो. जाळीवर दहा मिनिटं, मग डबा.

कुळीथ
कच्च्या मोडांबाबत चिंचगूळ बरोबर आहेत, माझ्या यादीत मूग-मटकी शिजवूनच असं धरावं.

मूगडाळीच्या धिरड्याचं प्रमाणही देऊन ठेवते. ४० ग्रॅम मूगडाळ, एक चमचा तांदूळ, तीन-चार तास भिजवून आलं-जिरं घालून वाटायची. दोन धिरडी होतात, प्रथिनं साडेनऊ ग्रॅम. नुसत्या डाळीचं धिरडं गार झाल्यावर रबरासारखं होतं, कारण प्रथिनं घट्ट धरतात आणि पाणी उडून जातं. पिठात चमचाभर दही आणि किसलेला दुधी घालावा, तव्यावर झाकण ठेवावं, कडा कुरकुरीत करायच्या मोहात पडू नये.

ऐरोली-२०
अंड्याचं काय? एका अंड्यात सहा ग्रॅम, तेही पूर्ण दर्जाचं. काही शाळांत 'डब्यात अंडं आणू नका' अशी सूचना असते, कारण देतात वासाचं. हे मला पटत नाही. ज्या घरात अंडं हेच स्वस्त प्रथिन आहे, तिथल्या मुलाचा डबा बाकीच्यांच्या नाकासाठी का रिकामा करायचा?

मधली सुट्टी
वासाची तक्रार खोटी नाही. शेजारी बसलेलं मूल जेवण टाकून उठतं, हे खरंच होतं. पण बंदी हा उपाय नाही हे मान्य. वासाचं कारण उकडण्यात आहे. अंडं पंधरा-वीस मिनिटं उकळत राहिलं की पांढऱ्यातून गंधकाचा वायू सुटतो, तो बलकातल्या लोहाला मिळून बलकाभोवती हिरवट-काळं कडं धरतं, आणि बंद डब्यात तोच वास साठतो. पाण्याला उकळी आल्यावर नऊ-दहा मिनिटं, लगेच गार पाण्यात पाच मिनिटं. बलक घट्ट होतो, कडं धरत नाही. सोलून, फडक्यानं पूर्ण टिपून, मगच डब्यात. मीठ-मिरी वेगळ्या पुडीत, आधी लावलं तर पाणी सुटतं.

बे-एरियाकर
इथे कॅलिफोर्नियात बऱ्याच शाळांत शेंगदाण्याच्या ॲलर्जीमुळे दाण्याची चटणी, कूट, चिक्की काहीच नेता येत नाही. म्हणून ही चर्चा वाचताना अर्धी यादी गळते. भाजलेल्या फुटाण्याच्या डाळ्यांची चटणी हा चांगला पर्याय: २५ ग्रॅम डाळ्यांत पाच-साडेपाच ग्रॅम. तीळ मात्र विचारून, तिळाची ॲलर्जीही इथे मोजतात.

शेवगा
डाळ्यांच्या चटणीत लिंबाऐवजी आमचूर घाला, चटणी कोरडी राहते. आणि भारतातल्या पालकांनीही वर्गात कुणाला दाण्याची ॲलर्जी आहे का हे एकदा विचारून घ्यावं, मुलं डबे वाटून खातात.

खलबत्ता
वाटून खातात ही गोष्ट मात्र तुमच्यापैकी कुणाच्याच हिशोबात नव्हती. तीन धपाट्यांतलं एक मित्राला जाणार हे गृहीत धरून एक जास्त भरा.