निनावी फॉर्म भरला, तरी सगळ्यांना कळलंच

कळवेकरीण
महापेला नोकरी, शिफ्ट दुपारी २ ते रात्री ११. सोमवारच्या मीटिंगआधी सर गूगल फॉर्म पाठवतात, 'नाव नको, मोकळेपणाने लिहा' म्हणून. टीम नऊ जणांची. मी लिहिलं की गाडी कळवा नाक्यावर सोडून निघून जाते, पुढे पंधरा मिनिटं एकटीने चालावं लागतं. सरांनी ते स्क्रीनवर लावून वाचलं. कळव्याची मी एकटीच! आठ माना वळल्या. सर हसून म्हणाले, "कोणी लिहिलंय ते मी विचारणार नाही हं."
पुढच्या वेळी गप्प बसू, की मीटिंगमध्ये उभं राहून बोलू?

वागळेवाला
ईमेल घेत नसले तरी उत्तरांच्या शीटमध्ये पहिला रकाना वेळेचा असतो. आमच्याकडे एकाने १:१२ ला फॉर्म भरला, बाकी सगळे कँटीनमध्ये. झालं! तेव्हापासून मी 'सर्व उत्तम' लिहितो.

घणसोलीची मावशी
अगं, मीटिंग लांबते, चहा पाणचट असतो, असल्या गोष्टींना निनावी फॉर्म ठीक आहे. गाडी ही सूचना नव्हेच. २०१७ च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायद्यात आहे: रात्री ९:३० नंतर बाईला कामावर ठेवायचं तर तिची संमती हवी आणि घराच्या दारापर्यंत सोडायला हवं. नाका म्हणजे दार नव्हे. मीटिंगमध्ये बोललीस तर सर 'बघू' म्हणतील आणि विषय तिथेच संपेल. एचआरला लेखी दे, कुठल्या तारखेला किती वाजता कुठे उतरवलं ते सगळं घालून.
एकटीने मात्र देऊ नकोस. आम्ही पाच जणी होतो, पण पहिली सही कोणी करेना. यादीत जिचं नाव वर, तीच पुढारी ठरते ना! शेवटी कागदावर गोल काढला आणि सह्या त्याच्या कडेने केल्या. पहिली कोण, शेवटची कोण, साहेब कागद फिरवत बसले.

वागळेवाला
मावशी, हे भारी आहे.

कळवेकरीण
दुसऱ्या टीममधल्या एकीला दिव्याला फाट्यावरच उतरवतात, हे आज डबा खाताना कळलं. ती तयार आहे. तिसरी 'नवऱ्याला विचारते' म्हणाली. मावशी, दोघींच्याच सह्या असल्या तर गोल काढून उपयोग आहे का?

घणसोलीची मावशी
दोघींचा गोल कसला! तिसरीसाठी गुरुवारपर्यंत थांब. डब्याचं झाकण ठेवून पेन फिरव, छान गोल येतो.